घोटेबुवा आणि बत्तीस पायऱ्या

घोटेबुवांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. एकदा भर बाजारात त्यांचे सख्खे साडू समोर येऊन उभे राहिले, हसले, घरच्यांची चौकशी केली, तरी बुवा आपले परक्याशी बोलावं तसं 'बरंय, बरंय' करत राहिले. साडू रागावून पाठ फिरवून चालू लागले तेव्हा कुठे बुवांची ट्यूब पेटली. त्यांनी मागून हाक मारली, "अहो, तुम्ही होय! तो उजवा गुडघा अजून दाखवला नाहीत वाटतं कुणाला?" साडूंनी पुढे वर्षभर त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. गुडघाही दाखवला नाही.

बुवा एका नृत्यसंस्थेत कामाला होते. संस्थेत एकोणचाळीस नर्तक-नर्तकी होते, म्हणजे अठ्ठ्याहत्तर घोटे, अठ्ठ्याहत्तर गुडघे आणि तितकेच खुबे. ते सगळे शाबूत ठेवणं हे बुवांचं काम. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'शारीरिक सज्जता सहायक' असा भारदस्त होता, पण तो त्यांच्या बायकोलाही धड सांगता येत नसे. नाचणाऱ्यांनी त्यांना घोटेबुवा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. तोंडावर मात्र सगळे 'काका' म्हणत.

एके काळी ते स्वतः याच संस्थेत नाचत होते. एकोणीस वर्षं, मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे. एकोणीस वर्षांत प्रेक्षकांपैकी कुणी त्यांचा चेहरा पाहिला नाही, तेव्हा बुवांना लोकांचे चेहरे आठवत नसत यात फिटंफाट झाली म्हणायची. एक्केचाळिसाव्या वर्षी, एका प्रयोगात, उडीवरून खाली येताना त्यांच्या टाचेमागची जाड शीर तुटली. आवाज असा झाला की पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटलं, वरचा दिवा फुटला. बुवांनी उरलेली चार मिनिटं एका पायावर काढली आणि पडदा पडल्यावर मगच आडवे झाले.

मग काय, जिकडेतिकडे कौतुक. संस्थेच्या त्या वेळच्या संचालकांनी दवाखान्यात येऊन फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि खाटेशी उभं राहून छोटेखानी भाषणही केलं. "वेदना ही कलेची जननी आहे," ते म्हणाले.

बुवांची बायको उशाशी बसली होती. ती म्हणाली, "मग जननीला सांगा, उद्यापासून यांना अंघोळ तिनेच घालावी."

त्याच दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तर बुवांची पार खरडपट्टी काढली. शीर तुटल्या तुटल्या ते खाली बसले असते तर सहा महिन्यांत पुन्हा नाचले असते. त्या चार मिनिटांत ती चिंध्या होईपर्यंत फाटली होती.

"कुणी सांगितलं होतं नाचत राहायला?"

"टाळ्या चालू होत्या."

"आता टाळ्यांनाच सांगा शिवायला."

बुवांना हे बोलणं आयुष्यातल्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटलं. पाय बरा झाल्यावरही ते बाईंकडे जात राहिले. तीन वर्षं दर शनिवारी दुपारी त्यांच्या विभागात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि माणसं कशी चालतात, कशी उठतात, कशी खोटं बोलतात ते बघायचे. मग एक दिवस संस्थेत जाऊन म्हणाले, "मला नाचता येणार नाही. पण दुसऱ्यांचं नाचणं चालू राहील एवढं मला बघता येईल."

त्यानंतरची चौदा वर्षं त्यांनी तेच बघितलं. तालमीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाली फरश्यांचं गोदाम, आणि गोदामवाल्याने शिल्लक फरश्या वरच्या जमिनीला फुकट बसवून दिल्या होत्या, याचा संस्थेला मोठा अभिमान. त्या फुकटच्या जमिनीवर रोज एकोणचाळीस माणसं उड्या मारत. बुवांनी सहा वर्षं डोकं खाऊन तिथे रबरी ठोकळ्यांवर लाकडी फळ्या टाकून घेतल्या. अंग गरम झाल्याशिवाय कुणी पाय ताणायचा नाही, असा नियम केला. रोज सकाळी वीस मिनिटं सगळ्यांनी हलक्या धावेने सुरुवात करायची, मग पोटऱ्या, मग खुबे, मग डोळे मिटून एका पायावर तीस अंक मोजेपर्यंत उभं राहायचं. दिवसाला उड्या किती, तेही ठरवून दिलं. जुनेजाणते आले की नाक मुरडत, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं."

"तुमच्या वेळचे बाकीचे कुठे आहेत हो?" बुवा साळसूदपणे विचारत. "वर का नाही आले? जिना चढवत नाही का?"

त्यांच्या वहीत पहिल्या वर्षी चौतीस दुखापतींची नोंद होती. आता वर्षाला अकरा. पण अकरा हा आकडा बुवांना मनातून पटत नसे. अकरा सांगितलेल्या होत्या, न सांगितलेल्या किती?

कारण संस्थेत एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक पाळली जायची. ती अशी की 'गेली जागा गेली'. दुखापतीमुळे कुणी भूमिकेतून बाहेर पडलं की बदली कलाकार उभा राहायचा, आणि मग ती भूमिका कायमची त्याची. मूळ माणूस बरा होऊन आला की त्याला मागच्या रांगेत जागा. उंचीमुळे जिला सगळे शिडी म्हणत, त्या नर्तकीचं पाच वर्षांपूर्वी असंच झालं होतं. पायाच्या अंगठ्यासाठी ती दहा दिवस घरी राहिली आणि परत आली तर तिचा पोशाख दुसरीच्या मापाने शिवण्यासाठी उसवायला घेतला होता. तेव्हापासून शिडी कायमची बदली कलाकार, आणि संस्थेत कुणाला काहीही दुखेनासं झालं.

म्हणून बुवा जिना बघत. तालमीच्या खोलीपासून खालच्या दारापर्यंत बत्तीस पायऱ्या होत्या आणि शेवटच्या पायरीसमोर एक बाक होता. तालीम सुटली की बुवा त्या बाकावर चहाचा पेला घेऊन बसत. नाचताना नर्तक काहीही लपवू शकतो, तोच त्याचा धंदा. पण जिना उतरताना कुणी नाचत नाही. आणि जिन्याचा नियम साधा आहे. चढताना चांगला पाय पुढे जातो, उतरताना दुखरा पाय आधी खाली येतो. कुणी शिकवावं लागत नाही, शरीर आपलं आपण करतं.

नव्या नृत्यनाट्याला अठरा दिवस उरले होते, तेव्हा भिंगरी जिना उतरली.

भिंगरी सव्वीस वर्षांची. आठ वर्षं मागच्या रांगेत काढून तिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती. वरच्या वळणावरून ती दिसली तेव्हा प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी येत होता. डावा, मग उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा. मग तिची नजर बाकाकडे गेली आणि शेवटच्या सहा पायऱ्या ती अशा डौलात उतरली की रंगमंचावर राणी झाली तरी कुणी तशी उतरणार नाही.

"वा," बुवा म्हणाले. "आता पहिल्या सव्वीस परत उतरून दाखव."

"काका, घाई आहे हो मला."

"लंगडणाऱ्याला घाई नसते. चल खोलीत."

त्यांची खोली म्हणजे जिन्याखालची पूर्वीची अडगळ. एक उंच बाक, पट्ट्यांचे रोल, रबरी पट्टे, बर्फाची पेटी. बुवांनी अंगठ्याने तिची नडगी वरून खाली दाबत नेली. गुडघ्याच्या खाली वीतभर अंतरावर, शेंगदाण्याएवढ्या एका जागी अंगठा थांबला.

"इथे?"

"नाही."

"मग ओठ का चावलास?"

"सवय आहे."

"डाव्या पायावर उडी मार बघू."

तिने मारली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. नाचणाऱ्यांचे चेहरे हे असे, आणि म्हणूनच बुवांनी चेहऱ्यांचा नाद कधीच सोडला होता. त्यांनी पाऊल बघितलं. टाच जमिनीला टेकलीच नव्हती.

"हाड चिरत चाललंय," ते म्हणाले. "रोज थोडं थोडं. असंच चालू ठेवलंस तर एक दिवस उडी मारशील आणि लोकांना वाटेल दिवा फुटला."

भिंगरीने दोन्ही हातांनी त्यांची बाही धरली. "काका, अठरा दिवस. फक्त अठरा दिवस आंधळे व्हा. मग पाय कापून नेलात तरी चालेल."

"कापलेला पाय ठेवू कुठे? घर लहान आहे माझं."

"थट्टा नको ना! आठ वर्षं मागच्या रांगेत होते मी. तुम्हाला तरी कळायला हवं."

"डावीकडून कितवी?"

"पाचवी."

"मी तिसरा." बुवा म्हणाले. मग उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "तू आज थांब. तुझी जागा तुलाच परत मिळेल. माझा शब्द."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की असला शब्द द्यायचा त्यांना काडीचाही अधिकार नाही. पण भिंगरी तोवर रडायला लागली होती आणि रडणाऱ्या माणसाकडून शब्द परत मागणं वाईट दिसलं असतं.

दवाखान्यातल्या बाईंनी तपासणी करून घेतली. नडगीच्या हाडाला केसाएवढी भेग. आठ आठवडे उडी बंद. शिवाय त्यांनी बुवांना बाजूला घेऊन सांगितलं, की या वयात हाड असं चिरतं तेव्हा मुलगी पोटभर जेवते का आणि तिची पाळी वेळेवर येते का, हे आधी विचारायचं असतं. बुवा कानापर्यंत लाल झाले आणि हे काम घरी घेऊन आले.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. नवरा पायावरून खोटं ओळखायचा, ती आवाजावरून. तिने हे ऐकून कपाळाला हात लावला. "चौदा वर्षं लोकांचे खुबे दाबताय आणि एवढं विचारायला लाजता? आणा तो नंबर इकडे."

फोन दोन मिनिटांत आटोपला. "जेवते काय म्हणून विचारलं तर 'सगळं' म्हणाली," बायकोने सांगितलं. "जे खरंच जेवतात ते 'सगळं' म्हणत नाहीत, नाव घेऊन सांगतात. सकाळी अर्धं सफरचंद आणि दुपारी उरलेलं अर्धं, एवढं कबूल करून घेतलं. पाळी चार महिने नाही. उद्यापासून ती आपल्याकडे जेवेल. आणि तुम्ही तोंड फिरवून बसणार नसाल तर तुम्हीही."

आता राहिला शब्द. बुवा संचालक बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

बाई त्रेसष्ट वर्षांच्या. तरुणपणी त्यांच्या गिरक्या बघायला परगावाहून लोक येत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपली खोली दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर हलवली होती, हवा खेळती राहावी म्हणून. त्यांनी बुवांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिडीला सगळं येतं. ती करेल. गेली जागा गेली."

"मी शब्द दिलाय, बाई."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. चूक झाली. पण दिलाय."

"घोटेबुवा, तुम्ही पट्ट्या बांधा. भूमिका मी वाटते."

"बरोबर आहे. पण तुमच्या या रीतीमुळे किती जण दुखणी अंगावर काढतायत ठाऊक आहे? जिन्यावरून मी मोजलेत."

"किती?"

"तुमच्यासकट बावीस."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय सरळ लांब पसरलेला होता.

"हवेसाठी खाली आलात म्हणे," बुवा म्हणाले. "वरच्या मजल्यावर हवा कमी असते हे मी पहिल्यांदाच ऐकलं."

"निघा तुम्ही."

बुवा निघाले. दारापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, अगदीच बारीक. "तो गुडघ्याचा पट्टा मिळतो ना, तो कुठला बरा असतो?"

दुसऱ्या दिवशी बाई बत्तीस पायऱ्या चढून वर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की भिंगरीची भूमिका आठ आठवडे शिडी करेल, नंतर ती भिंगरीला परत मिळेल, आणि यापुढे सगळ्यांच्याच बाबतीत असं होईल. बाई परत उतरत असताना बुवा सभ्यपणे भिंतीकडे बघत उभे राहिले.

त्याचा परिणाम असा झाला की तिसऱ्या दिवशी बुवांच्या अडगळीबाहेर सात जण रांगेत उभे होते. एकाचा खांदा वर्षभर दुखत होता. एकीला घोट्याच्या आत काहीतरी करकरतंय असं दोन हंगाम वाटत होतं. एका धिप्पाड गड्याने पाठीचं दुखणं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते बुवांना सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. बुवांनी सगळ्यांची नावं, तारखा, जागा लिहून घेतल्या. बहुतेकांचं काम आठवडाभराच्या विश्रांतीत आणि दोन-चार व्यायामांत भागलं. वेळेवर सांगितलं तर दुखणं इतकं स्वस्तात जातं, हे बघून त्यांनाच नवल वाटलं.

नृत्यनाट्य ठरल्या दिवशी सुरू झालं. शिडी मुख्य भूमिकेत उभी राहिली आणि अशी काही नाचली की लोक खुर्च्यांवरून उठले. वर्तमानपत्राने तिच्यावर अर्धा रकाना खर्च केला आणि तिला 'वाऱ्यावरची रेषा' वगैरे म्हटलं. भिंगरीने पहिला प्रयोग विंगेत घडीच्या खुर्चीवर बसून पाहिला. शेजारी बुवा उभे.

"काका, ती चांगली नाचते."

"हो."

"वाईट नाचली असती तर बरं झालं असतं."

"हो," बुवा म्हणाले. खोटं बोलायचं म्हणजे बायकोकडून शिकून यावं लागलं असतं, आणि ती शिकवत नसे.

आठ आठवडे भिंगरी पाण्यात पोहली, खुर्चीत बसून व्यायाम केले, पोटऱ्या बळकट केल्या आणि बुवांच्या बायकोच्या देखरेखीखाली दोन वेळा जेवली. बायको ताटात नजर ठेवून विचारी, "संपलं?" आणि भिंगरी 'हो' म्हणाली की ताट बघायच्या आधीच सांगे, "नाही संपलं. वाटीखाली काय दडवलंयस?" सहाव्या आठवड्यात पाळी आली, तेव्हा बायकोने ही बातमी बुवांना पेपरातल्या निकालासारखी मोठ्याने वाचून दाखवली. आठव्या आठवड्यात भिंगरीने डाव्या पायावर वीस उड्या मारल्या आणि प्रत्येक वेळी टाच टेकली. दवाखान्यातल्या बाईंनी हिरवा कंदील दाखवला.

आणि संचालक बाईंनी लाल.

"मी शब्द मोडत नाहीये," त्या म्हणाल्या. "पुढे ढकलतेय. लोक शिडीला बघायला येतायत. ती धडधाकट असताना चालू हंगामात तिला काढू कशी? भिंगरीला पुढच्या वर्षी देऊ काहीतरी."

"काहीतरी?"

"बुवा, टाळ्या शिडीला मिळतायत. मी काय करू?"

टाळ्यांचं नाव निघताच बुवा मागे वळले. घरी येऊन ते बूट न काढताच बसले.

"सोडतो नोकरी," ते म्हणाले.

"सोडा," बायको म्हणाली. "म्हणजे दिवसभर घरी बसून माझी चाल तपासाल. पण नोकरी सोडल्याने त्या पोरीला भूमिका मिळणार आहे का?"

"नाही."

"मग बूट तरी काढा."

बातमी संस्थेत पसरायला एक दिवसही लागला नाही. कुणी बुवांना टाकून बोललं नाही, बोललं असतं तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी अडगळीबाहेर कुणीच आलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. करकरणारा घोटा एकदम बरा झाला म्हणे. पाठदुखीवाल्या धिप्पाड गड्याने दोनदा समोरून येऊन हसून विचारलं, "काय काका, बरंय ना?" आणि सरळ निघून गेला. तालीम सुटल्यावर बुवा चहा घेऊन बाकावर बसले आणि जिन्यावरून एकामागून एक राजघराणी उतरली. ताठ मान, हलकं पाऊल, ओठांवर स्मित. बुवांना एका जन्मात इतके निरोगी लोक बघायची सवय नव्हती. चहा गार झाला.

चौथ्या दिवशी सकाळी तालीम सुरू व्हायच्या आधी वरून आरडाओरडा ऐकू आला. बुवा जिन्याशी आले तर अगदी वरच्या पायरीवर शिडी, एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात डाव्या पायाचा बूट. मागे चारपाच जण. गलबला ऐकून संचालक बाईही खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"घोटा मुरगळला," शिडी तिथूनच ओरडली. "डावा! चांगलाच मुरगळलाय! आई गं!"

"हळू ये," बाई म्हणाल्या. "धरा रे तिला."

"नको, नको, मी येते."

आणि ती उतरू लागली. आयुष्यभर बुवांनी लंगडणं लपवणारी माणसं पाहिली होती. लंगडण्याचं नाटक करणारं माणूस ते पहिल्यांदाच बघत होते, आणि इतकं वाईट नाटक तर त्यांनी कुठल्याच रंगमंचावर पाहिलं नव्हतं. शिडी डाव्या पायावर 'आई गं' म्हणायची, कधी अर्धी पायरी उशिरा, कधी आधीच. एका पायरीवर तर विसरलीच, पुढच्या पायरीवर दोनदा म्हणून भरपाई केली. मागचे सगळे गंभीर चेहऱ्याने उभे होते. एकाने खोकल्यात हसू गिळलं.

बुवाही हसले असते. पण त्यांची नजर तिच्या पायांवरून हलेना. प्रत्येक पायरीवर आधी खाली येत होता तो उजवा पाय. उजवा, मग डावा त्याच्या शेजारी. पुन्हा उजवा. बत्तीसच्या बत्तीस पायऱ्या.

"घोटेबुवा?" बाईंनी विचारलं. "किती दिवस?"

बुवांनी बाईंकडे बघितलं, शिडीकडे बघितलं. "सहा आठवडे तरी उडी नाही," ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंना सगळं समजलं की नाही, हे बुवांना कधीच कळलं नाही. तसंही चेहरे वाचणं त्यांचं काम नव्हतं. बाई म्हणाल्या, "भिंगरीला बोलवा. संध्याकाळचा प्रयोग ती करेल." मग दार ओढून घेत पुटपुटल्या, "एवढं वाईट लंगडताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही."

अडगळीत शिडी उंच बाकावर बसली आणि तिने डावा पाय पुढे केला. बुवांनी तो हातात घेतला, गोल फिरवला, वर-खाली केला. घोटा बिजागरीसारखा फिरत होता.

"फार सुजलाय ना काका?"

"कमळाच्या देठासारखा आहे. असा घोटा मला मिळाला असता तर मी अजून नाचत असतो."

शिडी खाली बघून हसली. "बाईंना सांगू नका."

"कशाला केलंस हे? लोक खुर्च्यांवरून उठत होते तुझ्यासाठी."

"अंगठा बरा करून परत आले होते ना मी, त्या दिवशी शिवणखोलीत गेले," ती म्हणाली. "शिवणाऱ्या बायका माझा पोशाख उसवत होत्या. टर्रर्र. तो आवाज मी ऐकलाय. गेल्या आठवड्यात भिंगरीचं माप घ्यायला बोलावलं आणि बाईंचा निरोप आल्यावर तिला परत पाठवलं, तेव्हा ती शिवणखोलीच्या दारात उभी होती. कसं उभं राहतात ते मला माहीत आहे."

बुवांनी मान हलवली. डावा पाय अलगद खाली ठेवला आणि स्टूल जवळ ओढलं.

"ते झालं. आता उजव्याचं सांग."

"उजव्याचं काय? उजवा छान आहे."

"उजवा बत्तीस वेळा आधी उतरला."

वरून लाकडी फळ्यांवर पावलं वाजायला लागली होती. कुणीतरी भिंगरीला आकडे मोजून देत होतं.

"दुसऱ्याची भूमिका परत द्यायला आलीस," बुवा म्हणाले, "तरी दुखणं खोटं आणलंस. खरं घरी होतंच की, तेच आणायचं! एवढं वाईट लंगडावं तरी लागलं नसतं."

"काका, घोट्याला लोक पट्टी देतात," शिडी हळूच म्हणाली. "खुब्याला निरोप देतात. माझं वय चौतीस आहे."

"बाईंनी सांगितलंय, जागा ज्याची त्याला परत मिळणार."

"परत मिळते का खरंच?"

"वर ऐक ना."

तिने ऐकलं. पावलं एकदा अडखळली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. भिंगरी आठ आठवड्यांनी पहिल्यांदा त्या जमिनीवर होती आणि चुकत होती. शिडीच्या ओठांवर आपोआप आकडे आले, तिसऱ्या आकड्यावर तिने तोंड वाकडं केलं. "तिथे घाई करतेय ती. सांगायला हवं."

"सांग मग. आधी मला सांग."

शिडीने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग तिने उजवा हात उचलला आणि मांडीच्या आत, जिथे पाय धडाला मिळतो तिथे, दोन बोटं ठेवली.

"इथे. खोलवर."

बुवांनी वही उघडली. "कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"असेल नको. तारीख?"

नाचणाऱ्या माणसाला तारीख माहीत असतेच. शिडीने डोळे मिटले. "अकरा ऑक्टोबर. दुपारी सव्वाचार. पाचव्या गिरकीला."

बुवांनी पेन्सिलीला टोक केलं आणि लिहायला घेतलं.